सोपे की अवघड? – दहावीनंतरची विषय-निवड

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'दहावीनंतर काय?' असा छापला आहे. हा विषय इतका मोठा आहे की रात्र सरेल पण बोलणे सरणार नाही. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतो. अकरावीला विषय निवडताना सोपे विषय घ्यावेत की अवघड? पुढे मोठ्या संस्थेत, मग ती आयआयटी असो, सरकारी मेडिकल असो, दिल्ली विद्यापीठ असो की राष्ट्रीय विधी विद्यापीठ असो, प्रवेश मिळवायचा असेल तर आज पंधरा-सोळाव्या वर्षी कोणता निर्णय घ्यायचा? हा प्रश्न दर उन्हाळ्यात आपल्या प्रत्येक घरात उभा राहतो आणि बहुतेक घरांत तो घाईघाईने, शेजारपाजारच्या सल्ल्याने सुटतो. सुटतो म्हणण्यापेक्षा उरकला जातो.

घरात दोन आवाज असतात. एक म्हणतो, "कशाला डोक्याला ताप? सोपं घे, टक्के पडतील, टक्के पडले की कुठेही जाता येतं." दुसरा म्हणतो, "काही झालं तरी सायन्सच घ्यायचं. गणितही घे, बायोलॉजीही घे, क्लासही लाव. लोक काय म्हणतील?" पहिला आवाज भीतीचा आहे, दुसरा अभिमानाचा आहे. बंधू-भगिनींनो, दोघांनाही आपल्या मुलाचे भलेच हवे असते याबद्दल शंका नाही. पण भीतीने घेतलेला निर्णय आणि अभिमानाने घेतलेला निर्णय, दोन्हीत एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे मुलाची स्वतःची ताकद आणि पुढच्या दाराला कोणती किल्ली लागते याची माहिती.

आधी टक्क्यांचे बघू. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की पेढे वाटतात ते टक्केवारीवर. पण राज्य मंडळाच्या दहावीला ती टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह' पद्धतीने काढली जाते. विषय सहा, गुण सहाशे, पण टक्के काढताना ज्या पाच विषयांत जास्त गुण आहेत तेच धरले जातात. याचा अर्थ लक्षात घ्या. एखाद्या मुलाला गणितात ४५ पडले आणि बाकी पाच विषयांत ८५ च्या पुढे, तर त्याची टक्केवारी ८५ च्या वरच दिसणार. घरात आनंदीआनंद! पण अकरावी सायन्सच्या वर्गात गेल्यावर त्याला त्या ८५ चा काही उपयोग नाही. तिथे त्याच्या सोबत येतात ते ४५. म्हणून निकाल हातात पडल्यावर पहिले काम हे करा की टक्केवारी बाजूला ठेवा आणि एकेका विषयाचे गुण वाचा. गणितात बीजगणिताचा पेपर ४० चा, भूमितीचा ४० चा आणि अंतर्गत २० असतात. त्या २० पैकी बहुतेकांना भरपूर मिळतात. खरी परीक्षा उरलेल्या ८० ची. तिथे काय झाले ते मुलाला विचारा, आणि रागावून न विचारता समजून घेण्यासाठी विचारा.

आता दुसरी गोष्ट. मोठ्या संस्था प्रवेश कशावर देतात? बऱ्याच पालकांची अजूनही अशी समजूत आहे की बारावीला चांगले टक्के पडले की सगळे दरवाजे उघडतात. तो काळ गेला. आज मेडिकलला नीट, इंजिनिअरिंगला जेईई किंवा राज्याची सीईटी, विधी विद्यापीठांना क्लॅट, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाला सीयूईटी अशा स्वतंत्र परीक्षा आहेत. नीटच्या परीक्षेला २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुले बसली. जेईई मेनला दरवर्षी दहा लाखांच्या वर मुले बसतात, त्यातली वरची अडीच लाख पुढच्या ॲडव्हान्स्ड परीक्षेला पात्र ठरतात आणि २३ आयआयटी मिळून जागा आहेत सुमारे अठरा हजार. बारावीच्या गुणांचे काम बहुतेक ठिकाणी पात्रतेपुरते राहिले आहे. नीटच्या प्रवेशाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, आपल्या मुलांना ४० टक्के. आयआयटीला बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के, किंवा आपापल्या मंडळात आपापल्या प्रवर्गातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान. बारावी सोडून देऊन चालत नाही, पण नुसत्या बारावीनेही भागत नाही.

मग सोपे विषय घेऊन टक्के वाढवले तर फायदा काय झाला? जी परीक्षा द्यायची ती तर त्या अवघड विषयांचीच आहे! आणि विषयच घेतला नसेल तर परीक्षेला बसण्याचा प्रश्नच राहत नाही.

माझे भाचे-पुतणे परदेशात असलेले काही पालक मला सांगतात की अमेरिकेत तसे नसते. बरोबर आहे, तिथली रीत वेगळी आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये एकाच विषयाचे साधे, ऑनर्स आणि एपी असे वर्ग असतात. एपी म्हणजे शाळेतच शिकवलेला कॉलेजच्या पातळीचा विषय. नामांकित विद्यापीठे मुलाचे गुणपत्रक वाचताना त्याने आपल्या शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी किती अवघड वर्ग घेतले हेही बघतात, आणि कित्येक शाळा अवघड वर्गातल्या गुणांना जादा वजन देतात. आपल्याकडे असे कोणी बघत नाही. आपल्या यंत्रणेत अवघड विषय घेतला म्हणून एकही गुण जास्त मिळत नाही. आपल्याकडे विषय म्हणजे किल्ली. किल्ली असेल तर दार, नसेल तर भिंत. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लावू नका.

कोणती किल्ली कोणत्या दाराची, हे आता एकेक करून सांगतो. मुलांनो, जमल्यास लिहून घ्या.

विज्ञान शाखेत सहा विषय असतात. इंग्रजी, एक दुसरी भाषा किंवा तिच्या जागी घेता येणारा विषय, आणि चार बाकीचे. भौतिक आणि रसायन घेतल्यावर खरा प्रश्न गणित की जीवशास्त्र, की दोन्ही? गणित सोडले की इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा गेली, एनडीएतून हवाई दल आणि नौदल गेले, सांख्यिकी गेली. जीवशास्त्र सोडले की मेडिकल, दंतवैद्यक, आयुर्वेद, बी.एस्सी. नर्सिंग हा सगळा रस्ता बंद झाला. फार्मसीला आणि शेतकीला मात्र दोहोंपैकी कोणताही गट चालतो. नीटमध्ये गणित नाहीच. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. उलट राज्याच्या सीईटीत इंजिनिअरिंगच्या गटाला २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, कारण गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आहे. हे आकडे बघितले की ज्याला डॉक्टरच व्हायचे आहे त्याने गणिताचे ओझे वाहावे का, आणि ज्याला इंजिनिअर व्हायचे आहे त्याने गणितात कच्चे राहून कसे चालेल, याचे उत्तर आपोआप मिळते.

दोन्ही विषय घ्यावेत का? ज्याचे अजून ठरलेले नाही आणि ज्याची दहावीची गणित-विज्ञानाची तयारी पक्की आहे, त्याने सुरुवातीला दोन्ही घ्यायला हरकत नाही, कारण सहावा विषय नाही तरी कोणता तरी घ्यावाच लागतो. मात्र दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी शेवटपर्यंत करणे हे फार थोड्यांना झेपते. वर्षभरात ठरवा आणि एका परीक्षेवर जोर द्या. इंजिनिअरिंगकडे जाणारी काही मुले इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेतात. तो दुसऱ्या भाषेच्या आणि एका विषयाच्या जागी येतो. चांगला आहे, पण मग जीवशास्त्राचे दार बंद झाले हे समजून घ्या.

आता कॉमर्स. आपल्याकडे कॉमर्स म्हणजे मधला मार्ग समजतात. तिथेही हाच प्रश्न दबक्या पावलांनी येतो. अर्थशास्त्र, पुस्तपालन, वाणिज्य संघटन हे विषय झाल्यावर कॉलेजचा क्लार्क खिडकीतून विचारतो, "मॅथ्स की एसपी?" एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. नव्वद टक्के घरांत या प्रश्नाचे उत्तर एका मिनिटात दिले जाते, "एसपी लिहा, गणित नको." त्या एका मिनिटात काय गेले ते घरात कोणालाच कळत नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचे तर सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावा लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला बारावीचे गणित लागते. बँकेच्या, विम्याच्या, आकडेवारीच्या मोठ्या जागांवर पुढे जी माणसे जातात त्यांच्या हातात गणित असते. एसपी वाईट विषय आहे असे मी म्हणत नाही. ज्याला सीए, सीएस किंवा साधे बी.कॉम. करायचे आहे त्याचे एसपी घेऊन काही अडत नाही. पण ज्याला दहावीत गणित बऱ्यापैकी जमले आहे त्याने केवळ भीतीपोटी ते सोडू नये.

आर्ट्सबद्दल तर आपण अन्याय करतो. नापास होता होता वाचलेल्याला आर्ट्सला टाकायचे, अशी रीत पडली आहे. अहो, विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा बघा. १२० प्रश्न, दोन तास, आणि सगळा पेपर इंग्रजी उतारे वाचून उत्तरे देण्याचा. त्यात दहावीच्या पातळीचे अंकगणितही आहे. आपल्या महाराष्ट्रातच मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. वकील, न्यायाधीश, प्राध्यापक, प्रशासक या वाटेने जातात. ही वाट सोपी नाही. इथे अवघड विषय म्हणजे इंग्रजी वाचन, आणि त्याची तयारी अकरावीच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. आणि सैन्यात अधिकारी व्हायचे असेल तर एनडीएच्या लष्कर शाखेला आर्ट्सचा मुलगाही चालतो, २०२१ पासून मुलीही बसतात, पण त्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. म्हणजे आर्ट्स घेतले म्हणून गणिताने पाठ सोडली असे नाही.

यानंतर मला एक महत्त्वाचा मुद्दा मांडायचा आहे. मुलगा म्हणतो, "मला फिजिक्स अवघड जातं." त्याला खरोखर फिजिक्स अवघड जाते की इंग्रजी? आपली बरीच मुले मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून येतात. दहावीपर्यंत 'त्वरण', 'घर्षण', 'संवेग' शिकलेला मुलगा अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतो. पहिले तीन महिने त्याला वाटते की आपल्याला डोकेच नाही. डोके असते, शब्द नसतात. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. त्या काळात अकरावीच्या पुस्तकातले इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ वहीत उतरवा, रोज दोन पाने मोठ्याने वाचा. भाषेची अडचण महिन्यांत सुटते. विषय सोडला तर तो कायमचा सुटतो. नीट आणि जेईई मेनच्या प्रश्नपत्रिका मराठीतही मिळतात हेही लक्षात ठेवा. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

दुसरा एक विचार आपल्यात कुजबुजत बोलला जातो, तो मी उघड बोलतो. "आपल्याला सवलत आहे, थोडक्यात काम होईल." माता-पित्यांनो, आरक्षण हा आपला घटनादत्त हक्क आहे आणि तो घेताना मान खाली घालण्याचे काही कारण नाही. पण तो हक्क दाराशी आहे. दाराच्या आत गेल्यावर पहिल्या सत्राचे गणित सगळ्यांना एकच असते, पेपर एकच असतो, परीक्षक एकच असतो. ज्या मुलाने अकरावी-बारावीत अवघड गणिते टाळली त्याला तिथे कोण सांभाळणार? आयआयटीत शिथिल केलेल्या गुणांपर्यंतही न पोचलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या काही मुलांना एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम देण्याची सोय आहे, यावरूनच पायाला किती किंमत आहे ते कळते. सवलत आहे म्हणून कमी अभ्यास चालेल असे नव्हे. सवलतीमुळे दार उघडणार आहे, म्हणून आतल्या अभ्यासाची तयारी जास्त हवी.

आणि याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपल्या मुलाला "हे तुला झेपणार नाही" असे सांगणारे शाळेत, कॉलेजात, नात्यात भरपूर भेटतात. काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाच्या नववी-दहावीला 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय होता. नव्या अभ्यासक्रमात २०१९ च्या दहावीच्या परीक्षेपासून तो राहिला नाही. तो पर्याय होता तेव्हा गणिताची धास्ती घेतलेल्या मुलांना दिलासा मिळाला हे खरे, पण अकरावीच्या गणिताला लागणारा पाया त्यात नव्हता. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीपासून गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पेपर केले. अभ्यासक्रम तोच, वर्ग तोच, पेपरची पातळी वेगळी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषय दोन पातळ्यांवर देण्याची कल्पना आहे. म्हणजे उद्या हा प्रश्न गणितापुरता राहणार नाही. सोपी पातळी कोणी घ्यायची हे जर मुलाच्या अभ्यासावरून ठरले तर चांगलेच आहे. पण ते वस्तीवरून, आडनावावरून, बापाच्या धंद्यावरून ठरू लागले तर आपण जागे राहिले पाहिजे. "का झेपणार नाही? त्याची वही बघून सांगा," एवढे विचारण्याचे धाडस प्रत्येक पालकाने ठेवावे.

विषय निवडीचा इतिहास आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, नाइलाजाने त्यांनी पर्शियन घेतले. म्हणजे विषय निवडण्याचा हक्कच त्यांना नाकारला गेला होता. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत चाळीस टक्केही नाहीत! पण १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर त्यांनी काय केले? पदवीपुरते विषय घेऊन ते थांबले नाहीत. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एका परीक्षेचे गुण म्हणजे माणसाची उंची नव्हे. आणि निवडीचा हक्क हाती आला तेव्हा त्यांनी तो कमी शिकण्यासाठी वापरला नाही. मात्र पालकांनो, बाबासाहेबांचे नाव घेऊन मुलाला टोमणे मारू नका. "ते दिव्याखाली शिकले आणि तुला पंखा असून जमत नाही" असे म्हटल्याने एकही गणित सुटत नाही.

मग किती अवघड घ्यायचे? माझे म्हणणे साधे आहे. मुलगा झोप न गमावता, जेवण न गमावता, नियमित अभ्यास करून जेवढे पेलू शकतो त्यातले सर्वांत वरचे घ्यावे. त्याच्या वरचे घेऊ नये, त्याच्या खालचेही घेऊ नये. हे ओळखायचे कसे? त्यासाठी घरच्या घरी एक चाचणी करा. सुट्टीत अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातला एक धडा घ्या. पुस्तके बालभारतीच्या आणि एनसीईआरटीच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. मुलाने सोडवलेली उदाहरणे वाचावीत, मग गाईड न बघता पुढची दहा सोडवावीत. पंधरा दिवस रोज एक तास. शेवटी बघा. वेळ लागला पण पाच-सहा सुटली आणि चुकलेले कुठे चुकले ते त्याला सांगता आले, तर विषय घ्यायला हरकत नाही. वेळ लागणे आणि न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा दिवसांनंतरही पहिल्या ओळीचा अर्थ लागत नसेल, किंवा पुस्तक बघूनच त्याच्या पोटात गोळा येत असेल, तर हट्ट करू नका. मुलीच्या बाबतीत आणखी एक बघा. तिने घरकाम, धाकट्या भावंडांचे सांभाळणे आणि सायन्स हे तिन्ही करायचे असे ठरवू नका. तिला झेपत नाही म्हणण्याआधी तिला वेळ मिळतो का ते बघा.

अकरावीबद्दल दोन शब्द. अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही म्हणून ते आरामाचे वर्ष समजतात. जेईई आणि नीट या दोन्हींत अकरावीचा अभ्यासक्रम बारावीइतकाच पूर्ण असतो. राज्याच्या सीईटीत अकरावीचा भाग २० टक्के आहे. ज्याने अकरावी घालवली त्याने निम्मी जेईई घालवली.

क्लासचे काय? 'इंटिग्रेटेड' नावाखाली कॉलेजात पाऊल न टाकता क्लासमध्येच दोन वर्षे काढायची आणि त्यासाठी लाखांच्या घरात फी भरायची, कर्ज काढायचे, दागिने मोडायचे, हे आपल्या घरांना परवडत नाही. आणि त्याने प्रवेशाची हमी मिळत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालील मुलांना क्लासने घेऊ नये असे म्हटले आहे, त्यामुळे आठवीपासून 'फाउंडेशन'ची पावती फाडायला कोणी आले तर आधी हे विचारा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने आयआयटी कानपूरच्या साहाय्याने 'साथी' नावाची मोफत तयारीची व्यवस्था २०२३ मध्ये सुरू केली आहे. मोबाइल तर घरोघरी आहेच, तो या कामालाही येऊ द्या.

आणि समजा घेतलेला विषय नाहीच जमला तर? जग बुडत नाही. विज्ञानातून कॉमर्सला, आर्ट्सला जाता येते. उलट चढणे मात्र फार कठीण असते. म्हणून शंका असेल तर वरच्या पायरीवर सुरुवात करणे शहाणपणाचे, पण खाली यावे लागले तर अकरावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच कॉलेजात जाऊन विचारा, बारावीच्या जानेवारीत नव्हे. बंद झालेली दारेही कधी कधी उघडतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेऊन नीट देण्याची मुभा दिली. आणि ज्याला अकरावी-बारावीची ही घोडदौड नकोच, पण हात चांगला चालतो, त्याच्यासाठी पॉलिटेक्निक आहे. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ही कमीपणाची वाट नाही. गरीब घराला तर ती जास्त भरवशाची आहे, कारण मध्येच नोकरी लागली तरी हातात पदविका असते.

पैशाच्या भीतीने कोणी विषय सोडू नये म्हणून तेही सांगतो. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. पण यासाठी कागद वेळेवर हवेत. जातीचा दाखला, केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला, आणि राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात पडताळणी प्रमाणपत्र. पडताळणीचा अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर करू नका, अकरावीतच करा. मुलाला गुण असतात, जागा असते, आणि एका कागदापायी वर्ष जाते, यासारखे दुःख नाही.

शेवटी विहार समितीला एक विनंती. आपल्या विहारात संध्याकाळी दोन तास दिवा लावून, पंखा लावून, बाके टाकून अभ्यासिका चालू करा. वस्तीत जी मुले-मुली इंजिनिअरिंगला, नर्सिंगला, लॉला, बँकेत गेली आहेत त्यांनी आठवड्यातून एक दिवस यावे. त्यांनी शिकवलेच पाहिजे असे नाही. अकरावीला बसलेल्या मुलाने "दादा, तुम्ही गणित का घेतलं, कुठे अडलात, पुढे काय झालं?" असे विचारावे आणि त्यांनी खरे उत्तर द्यावे, एवढे पुरे आहे. वरच्या वस्त्यांतल्या मुलांना ही माहिती जेवणाच्या टेबलावर मिळते. आपल्या मुलांना ती विहाराच्या सतरंजीवर मिळू द्या. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना चूक झाली की मुलगा भलत्याच कॉलेजात जातो. त्या आठवड्यात विहारात एक संगणक आणि एक जाणकार माणूस बसवला तरी पुष्कळ काम होईल.

मुलांनो, विषय निवडताना मित्र काय घेतो ते बघू नका, आई-बाबा रागावतील म्हणून गप्प बसू नका. तुम्ही काय घेणार आहात आणि का घेणार आहात हे दोन वाक्यांत घरात सांगता आले पाहिजे. ते सांगता आले तर निवड बरोबर आहे असे समजा. आणि पालकांनो, ती दोन वाक्ये शेवटपर्यंत ऐकून घ्या.